ड्रम धर, ड्रम सोड

रहिमतपूर,
११ एप्रिल २०२५

महेंद्र,

आधी यादी. तुला तोंडपाठ होती, पण विसरलास असं दिसतंय.

मोटारीच्या तारा गुंडाळायचं मशीन. सायकलचं पुढचं चाक, शिलाई मशीनचा पट्टा आणि फेरे मोजायला साधा कॅल्क्युलेटर, त्याच्या ‘बरोबर’च्या बटणाला दोन वायरी जोडून. आजपर्यंत एक फेरा चुकलेला नाही.

मेढ्याच्या शाळेची घंटा. शिपाई रिटायर झाला, हेडमास्तर दोन बदलले, घंटा तीच. शनिवारी सकाळची शाळा असते हे तिला कळतं.

अंडी उबवायची पेटी. दर दोन तासांनी ट्रे कलतो.

शेतपंपाचे स्टार्टर, दोनशे बारा. लाइट आली की नव्वद सेकंद थांबतात, तिन्ही फेज बघतात, मगच मोटर उचलतात. अकरा दुरुस्तीला परत आले. त्या अकरांतल्या नवांत पाली निघाल्या.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या गाडीवरचं धावतं लाइटिंग. सहाशे चाळीस बल्ब, एक चिप.

आणि हळद पॉलिश करायच्या ड्रमचा डबा. हिरवं बटण दाबलं की ड्रम चाळीस मिनिटं फिरणार, थांबणार, भोंगा वाजणार. लाइट जाऊन परत आली तर माणसानं हिरवं बटण दाबल्याशिवाय ड्रम हलणार नाही. हे शेवटचं वाक्य मी डब्याच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहून घ्यायचो. तुझ्याकडून लिहून घ्यायचो, कारण तुझं अक्षर चांगलं.

हे सगळं अकरावी नापास माणसानं केलंय. चिपचं तीनशे पानी माहितीपुस्तक मी साताऱ्यात झेरॉक्स काढून आणलं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून सव्वा वर्षात वाचलं. त्यातल्या एका तक्त्यात छपाईची चूक होती ती मला सापडली. तुझ्या कॉलेजात कुणाला सापडली होती का, विचार एकदा.

पत्र लिहितोय कारण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. व्हॉट्सॲपवर एकच खूण येते, दुसरी येत नाही. तेवढं मलाही कळतं.

परवा दीपमाला तुझ्या आईला भेटून सांगलीहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, “आवं, तुमच्या त्या डब्याच्या ड्रमात बाईचा हात गेला.”

“माझ्या डब्याच्या न्हाई,” मी म्हणालो.

“मग कुणाच्या?”

“तुझ्या भावाच्या.”

ती पिशवी घेऊन वळली. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच वाजवून मांडली. बाईचं नाव बनुबाई, दीपमालानंच मला सांगितलं. हळदीच्या अड्ड्यावर मजुरीला. तीन तारखेला सकाळी साडेअकराला लाइट गेली, ड्रम थांबला, बाईनं झाकण उघडून हळद बघायला हात आत घातला. लाइट आली. ड्रम आपणहून फिरला. कोपर दोन ठिकाणी मोडलं.

आपणहून फिरला! माझा ड्रम आपणहून फिरत नाही.

तीन वर्षांपूर्वी तू माझी फाईल उचलून कुपवाडला त्या लालासाहेबांच्या कारखान्यात गेलास. माझ्या डब्याला निळा रंग दिलात, वर कंपनीचं नाव छापलंत आणि सदतीस मशीनं विकलीत. मी एक शब्द बोललो नाही. पण आता बोलणार, कारण तू काय केलंस ते मी इथं बसून सांगू शकतो.

तुला मी पहिल्या दिवशी काय शिकवलं? चिपमध्ये घड्याळ एक, कामं आठ. अडाणी माणूस प्रत्येक कामाला चिपला थांबवून ठेवतो: दहा सेकंद थांब, मग भोंगा वाजव. त्या दहा सेकंदांत चिप बहिरी होते, कुणी लाल बटण दाबलं तरी तिला ऐकू येत नाही. म्हणून आपण थांबत नाही. आपण आठ घरांची एक यादी ठेवतो. प्रत्येक घरात दोनच गोष्टी: किती वेळ उरलाय, आणि वेळ संपली की कुठल्या पत्त्यावर हाळी द्यायची. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आकडा एकानं कमी. शून्य झाला की त्या पत्त्यावर हाळी. तिथं जे काम राहतं ते उठतं, आपलं करतं आणि झोपतं. तुमच्या पुस्तकात याला मोठी इंग्रजी नावं आहेत. मी हाळी म्हणतो. शिवारात या बांधावरून त्या बांधावर देतात तीच.

आणि घर रिकामं असेल तर? तिथं मी ‘कुणी_नाही’चा पत्ता ठेवतो. ‘कुणी_नाही’ हे काहीच न करणारं काम. चुकून हाळी गेली तरी कुणी उठत नाही, घड्याळ पुढं जातं. तुला ती ओळ खुपायची. “दाजी, जागा वाया जातीय, रिकाम्या घरात शून्य टाकू.” शून्य नंबरच्या पत्त्यावर कोण राहतं रे? प्रोग्रामची पहिली ओळ राहते. तिथं हाळी गेली की चिपला वाटतं आपण आत्ताच जन्मलो. तिला काही आठवत नाही, आणि रिले मात्र होता त्याच अवस्थेत. लाइट येताना वायरीत गोंधळ असतो, त्या गोंधळात एक हाळी शून्यावर गेली आणि बाईचा हात गेला. चार अक्षरांची जागा वाचवायला.

कोडचा प्रिंट पाठव. पूर्ण, चुकांसकट. आणि तोवर सदतीसही मशीनं बंद ठेव. लालासाहेब हंगाम हंगाम करतील. करू देत.

आप्पासाहेब
(दाजी लिहीत नाही.)


रहिमतपूर,
१९ एप्रिल

महेंद्र,

प्रिंट मिळाला. एकतीस पानं, सोबत एक ओळ नाही. पाकिटावर मात्र ‘ति. दाजी’. तीर्थरूप म्हणायचं आणि बोलायचं नाही, ही चांगली रीत काढलीस.

‘कुणी_नाही’ आहे. पान सहा. आठही घरांत आहे.

बरं.

त्यावर याहून जास्त लिहायला लावू नकोस.

पुढची पानं लाल पेन घेऊन वाचली. प्रिंट यायच्या आधी चौदा तारखेला मिरवणूक झाली. गाडीचं लाइटिंग यंदाही मीच केलं. दरवर्षी शिडी धरायला तू असायचास, यंदा दीपमालानं धरली. तिला म्हटलं नीट धर, हलू देऊ नको, तर म्हणाली, “धरलीय न्हवं! माझ्या भावानं चांगली धरली आसती, त्येला बोलवा की.” मी वर होतो, हातात वायर होती, म्हणून उत्तर दिलं नाही. बल्ब सगळे लागले. बसस्टँडपाशी पोरांनी गाडी थांबवून व्हिडिओ काढले. एकानं विचारलं, “महेंद्रदादा न्हाय आला व्हय?” मी म्हणालो त्याला सांगलीत काम आहे. तुझ्यासाठी मी खोटं बोललो, नोंद ठेव.

आता पान बावीस.

लाइट आली की ड्रमच्या झाकणाची कळ बघायची. झाकण उघडं असेल तर तीन सेकंदांनी ‘ड्रम_धर’ला हाळी द्यायची. ही ओळ तुझी आहे. माझ्या फाईलमध्ये ती नाही. मी जुनी वही काढून बघितलं, नाही म्हणजे नाही.

महेंद्र, मी ती तीनदा वाचली. झाकण उघडं असेल तर ड्रम चालू कर! कुठल्या शुद्धीत लिहिलंस? तुला कुणाला मारायचं होतं का? तो प्रसंग डोळ्यांपुढं आण: लाइट नाही, बाईनं झाकण उघडलंय, हात आत, लाइट येते, ड्रम गप्प आहे, बाईला वाटतं सगळं ठीक. एक, दोन, तीन. आणि तुझी हाळी. मुद्दाम सापळा लावणाऱ्यालाही इतकं नेमकं जमलं नसतं.

‘ड्रम_धर’ म्हणजे चालू, ‘ड्रम_सोड’ म्हणजे बंद. माझ्या दुकानात सहा वर्षं बसलास. मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर धरतो म्हणजे काय होतं? खट् आवाज होतो, मोटर चालते. सोडतो म्हणजे मोटर बंद. रहिमतपूर स्टँडवरचा चहावाला सांगेल, कारण त्याचं घर आमच्या दुकानाच्या भिंतीला लागून आहे आणि तो घरी असला की तेच ऐकतो. “धरला का?” “धरला.” “सोडतोय का?” “सोडत न्हाई, पॉइंट चिकटलाय.” आणि इंजिनियर साहेबांना धर आणि सोड कळत नाही.

घड्याळानं तुला अडवलं नाही. कोड तपासून घेणाऱ्या कंपायलरनंही नाही. ते अडवत नसतात. दोन्ही कामांचा साचा एकच: काही घेत नाही, काही परत देत नाही. त्यामुळं धरचा पत्ता दे नाहीतर सोडचा दे, यादीला दोन्ही सारखे. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, घरात वाघ राहतो का बकरी हे त्याला विचारायचं नसतं. ते लिहिणाऱ्यानं बघायचं असतं. हेही तुला मी सांगितलं होतं, याच शब्दांत.

आणि टेस्ट? टेबलावर डबा ठेवायचा, झाकणाची कळ उघडी ठेवायची, प्लग काढायचा, लावायचा, तीन सेकंद दिव्याकडं बघायचं. दीड मिनिटाचं काम. तू झाकण बंद ठेवून टेस्ट केलीस, खरं की नाही? झाकण बंद असताना ती ओळ चालतच नाही. म्हणून सगळं हिरवं दिसलं आणि सदतीस मशीनं बाहेर गेली.

मी हे सगळ्यांना सांगणार आहे. लालासाहेबांना, त्या बाईच्या घरी, तुझ्या आईलाही. माझी फाईल बरोबर होती. महेंद्रनं बदलली.

दीपमालाला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “फाईल उचलून नेली आसं ल्ह्यायलाय तुमी मागच्या पत्रात. त्यानं उचलली न्हाई. तुमीच पेनड्राइव्ह त्याच्या जेवणाच्या डब्यात घातला, चपातीखाली, आन् म्हणला, ‘घेऊन जा, तुला दुसरं काय येतंय?’ ”

बरोबर आहे. तसं झालं होतं. दुरुस्ती करून घे.

आप्पासाहेब


सांगली, बसस्टँड
२७ एप्रिल

महेंद्र,

गाडीला पाऊण तास आहे. कॅन्टीनच्या टेबलावर लिहितोय, कागदाला चहाचा डाग लागलाय, माझा नाही, आधीच्या माणसाचा.

आज बनुबाईच्या घरी गेलो होतो. तुझ्या घरी दारापर्यंतच.

दार तिच्या पोरीनं उघडलं. अपेक्षा तिचं नाव, बँकेत नोकरीला आहे, दार उघडायच्या आधीच भांडायला तयार.

“तुमी कोण? कंपनीचे?”

“नाही. तो डबा मूळचा मी केलाय.”

“मग तुमीच व्हय!”

मी उंबऱ्यात उभाच. आतून बाईचा आवाज आला, “अपेक्षा, आदी खुर्ची दे त्येनला. भांडान बसून बी करता येतंय.”

बसलो. हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत प्लास्टर. मी ठरवून गेलो होतो की तिला समजावून सांगायचं: बाई, माझी फाईल बरोबर होती, आमच्या मेहुण्यानं धर आणि सोडची अदलाबदल केली. प्रिंट घेऊन गेलो होतो, पान बावीसवर खूण करून. पण आधी विचारलं, नेमकं काय झालं.

ती म्हणाली, “काय व्हायचं? लाइट गेली. मी जोडीला कामाला आसलेल्या हरिबाला म्हणलं, ड्रम धर. त्यो म्हणला, धरलाय. मग मी हात घातला. धरलेला ड्रम फिरतोय व्हय कवा?”

“धर म्हणजे?” मी विचारलं.

“धर म्हंजे धर! हलू द्यायचा न्हाई.”

“आणि सोड?”

“सोड म्हंजे फिरू दे. आवं, ड्रमाचा डबा केला म्हणता आन् येवढं ठावं न्हाई? मोटरी न्हवत्या तवा आमी चौघी चौघी हातानं फिरवायचो. झाकान उघडताना एकीनं दांडा दाबून धरायचा. ‘धर गं’ म्हणलं की समदं जागच्या जागी. ‘सोड’ म्हणलं की फिरलाच. ह्या महिंदराची आई माझ्या शेजारी आसायची, आक्काताई. लय ताकदीची बाई. ती दांडा धरायची तवा आमी डोळं झाकून हात घालायचो. आन् ह्यो महिंद्रा येवढासा, बारदानावर बसून आमच्यासंगं वरडायचा, धर, सोड, धर, सोड.”

अपेक्षानं चहा आणला. मी घेतला. गरम होता, तसाच प्यालो.

मी प्रिंट पिशवीतून काढलाच नाही.

आता तुला सांगतो मी काय केलं ते. मी ‘कॉन्टॅक्टर_धर’ असं नाव दिलं असतं तर तू चुकला नसतास. ते तुला झोपेत कळतं. मी ‘ड्रम_धर’ लिहिलं. कॉन्टॅक्टर धरतो तेव्हा ड्रम सुटतो. कॉन्टॅक्टर सोडतो तेव्हा ड्रम धरला जातो. मी मोटारींतला माणूस, मला कॉन्टॅक्टरचं धरणं ऐकू येत होतं, आणि नाव मी ड्रमला दिलं. हळदीचा ड्रम मी उभ्या जन्मात हातानं फिरवलेला नाही. ज्या कामाचा डबा केला त्या कामातला एक शब्द मी कुणाला विचारला नाही. तू पान बावीसवर लिहिलंस की झाकण उघडं असेल तर ड्रम धर. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही हळदीच्या अड्ड्यावर ते वाक्य वाचून दाखव, सगळे म्हणतील शहाण्या माणसानं लिहिलंय. फक्त माझ्या दुकानात ते उलटं आहे.

याचा मला किती राग आलाय हे कागदावर मावत नाही. तुझा आलाय, माझा आलाय, त्या अपेक्षाचा पण आलाय, ती बरोबर बोलली म्हणून.

तू मला सांगितलं होतंस. माणिकशेठ गिरणीवाले बसले होते, त्यांच्यासमोर सांगितलंस, तेच मला लागलं. “दाजी, ही नावं बदलू. सरळ चालू, बंद लिहू. नाहीतर शेजारी एक ओळ खुलासा लिहू. उद्या दुसऱ्याला कळणार नाही.” आणि मी काय म्हणालो? “दुसऱ्याला कशाला कळायला पाहिजे?” माणिकशेठ हसले. तू नाही हसलास. महिन्यानं तू गेलास.

मला वाटायचं, ज्याला माझा प्रोग्राम कळत नाही त्याची ती लायकी नाही. सव्वा वर्ष डिक्शनरी घेऊन बसलो होतो, मला कुणी खुलासे लिहून दिले नव्हते. मग मी का द्यावे?

झालं ते झालं. आता काम. बनुबाईकडून निघालो तो सायबर कॅफेत चार तास बसलो आणि नवीन फाईल केली. ‘मोटर_चालू’ आणि ‘मोटर_बंद’. प्रत्येक कामाच्या डोक्यावर खुलासा, मराठीत, ते काय करतं आणि काय करत नाही. तुझी पान बावीसवरची ओळ काढून टाकली आहे. ती नुसती उलटी नव्हती, नको होती. लाइट गेल्यावर कॉन्टॅक्टर सुटलेलाच असतो, त्याला परत कशाला सोडायचं? जादा काळजी घ्यायला गेलास आणि हे झालं. ती ओळ लिहिलीच नसती तर माझ्या चुकीच्या नावानं कुणाचा केसही वाकडा झाला नसता. नाव मी चुकीचं ठेवलं म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. उघड्या झाकणानं टेस्ट केली नाहीस, ते माझ्या वहीत तुझ्या नावावर राहील.

पेनड्राइव्ह तुझ्या आईकडं ठेवला आहे. त्या दार उघडून म्हणाल्या, “जावई, आत या की.” मी म्हणालो गाडी आहे.

लालासाहेब मशीनं बंद करत नाहीत, हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही म्हणतात, हे तुझ्या आईकडून कळलं. तुला कामावर येऊ नको म्हणालेत तेही कळलं. गिऱ्हाइकांचे पत्ते तुझ्याकडं आहेत. मला बारा पाठव, साताऱ्याच्या बाजूचे. चिप बदलायला एका मशीनला पंधरा मिनिटं. मालकांना सांगायचं, फुकट सर्व्हिसिंग.

गाडी लागली.

आप्पासाहेब


रहिमतपूर,
६ मे

महेंद्र,

बारा पत्ते मिळाले, बारा मशीनं झाली. प्रत्येक ठिकाणी झाकण उघडं ठेवून, प्लग काढून, लावून, तीन नाही तर साठ सेकंद बघितलं. एकही ड्रम हलला नाही.

सहाव्या ठिकाणी मालक म्हणाला, “कालच एक जण येऊन गेला की, मोटरसायकलवर.” डबा उघडला तर चिप नवीन होती आणि झाकणाच्या आतून मार्करनं लिहिलेलं: ‘लाइट परत आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय ड्रम फिरणार नाही.’ अक्षर ओळखलं. माझ्या बारांतलं ते एक तू का केलंस मला माहीत नाही. मी पुन्हा टेस्ट केली. बरोबर आहे. म्हणजे हिशेब असा: सव्वीस तू, अकरा मी.

आता दुसरी गोष्ट, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो.

रविवारी सकाळी लालासाहेब आले. गाडी एवढी मोठी की आमच्या बोळात शिरली नाही, बाहेर ठेवून चालत आले. दुकानात बसले, तिथल्या एकेका वस्तूला हात लावून बघितला. तारा गुंडाळायच्या मशीनचं कौतुक केलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग म्हणाले, “आप्पासाहेब, तुमच्यासारख्या कारागिराचं नाव खराब व्हायला नको, एवढ्यासाठी आलोय मी. त्या बाईच्या पोरीनं वकील लावलाय. प्रकरण वाढणार. तुमी फाईल दिली तवा ती बरोबर हुती. खरं का न्हाई?”

“खरं.”

“त्यात बदल पोरानं केला. खरं का न्हाई?”

“खरं.”

“मग येवढंच लिहून द्या. तुमी सुटला, आमी सुटलो.”

“आणि महेंद्र?”

“त्यानं केलंय, त्यो निस्तरंल. तरणा हाय.”

कागद टाइप करूनच आणला होता. दीपमाला दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिनं तो ना आत आणला ना परत नेला.

मी कागद वाचला. तुला माहीत आहे मी कसा वाचतो, स्वल्पविरामासकट. त्यात एक शब्द खोटा नव्हता, महेंद्र. मीच दुसऱ्या पत्रात तुला तेच लिहिलं होतं, याहून वाईट भाषेत. तीन आठवड्यांपूर्वी तो माणूस आला असता तर मी सही केली असती. वर चहा पाजून, बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो असतो. हे तुला कळावं असं मला वाटतं.

मी त्यांना विचारलं, “धर म्हणजे काय?”

“आँ?”

“हळदीच्या ड्रमाचा कारखाना आहे तुमचा. ड्रम धर म्हणजे काय?”

ते हसले. “आता हे काय कोडं काढलं?”

“कोडं नाही. माझ्या प्रोग्राममधला शब्द आहे. तो मी चुकीचा ठेवला. मेहुण्यानं बदला म्हणून सांगितलं होतं, मी बदलला नाही. हे तुमच्या कागदात नाही. घालणार असाल तर सही करतो.”

“असं लिहून दिलं तर तुमच्या गळ्यात येतंय की ओ!”

“येऊ दे.”

मग त्यांनी आकडा सांगितला. दीपमालानंही ऐकला. नंतर गाडीपर्यंत जाताना लालासाहेबांनी बोळात दोनदा मागं वळून बघितलं, मी हाक मारीन म्हणून.

त्याच दिवशी मी माझ्या हातानं एक कागद लिहिला. नाव कुणी ठेवलं, खुलासा लिहायला कुणी नकार दिला, कधी, कुणासमोर. माणिकशेठचं नाव साक्षीला घातलं, त्यांना तो प्रसंग आठवतोय. खाली तुझी चूकही लिहिली आहे, उघड्या झाकणाची टेस्ट न केल्याची, ती मी गाळलेली नाही. बाईचा हात मोडल्यावरही कारखान्यानं मशीनं चालू ठेवली हेही लिहिलं. एक प्रत अपेक्षाला रजिस्टरनं पाठवली. दुसरी यासोबत. तुझा वकील असेल तर त्याला दे, नसेल तर बघ.

माझी पहिली दोन पत्रं फाडू नकोस. आणि माझा नंबर उघड. कोर्टाच्या तारखा पत्रानं कळवत बसायला मी काही म्हातारा झालेलो नाही.

दीपमाला रात्री जेवायला वाढताना म्हणाली, “येवढ्या पैशात दुकानावर स्लॅब पडला आसता.” मी म्हणालो, हो. ती म्हणाली, “आन् शिडी धरायला माझा भाऊ न्हाई आला तरी चाललं आसतं तुमास्नी?” मी भात कालवत होतो.

आकडा तुला सांगायला हवा, कारण तुझी किंमत त्यांनी किती लावली हे तुला माहीत असलं पाहिजे. कागदावर तीन ओळी होत्या: मी दिलेला प्रोग्राम बरोबर चालत होता. त्यात बदल माझे मेहुणे महेंद्र यांनी केला. अपघात त्या बदलामुळं झाला. खाली सहीची रेघ. माझ्या एका सहीचे साडेसहा लाख. मी नको म्हणालो.

तुझा दाजी,
आप्पासाहेब